यादी, पावती आणि एक जुनं एचपीएलसी

नॅकची, म्हणजे विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती येणार असं ठरलं आणि आमच्या विभागाला माजी विद्यार्थ्यांची आठवण झाली. टोमणा मारत नाही, बहुतेक ठिकाणी असंच होतं. नॅकच्या तेव्हाच्या सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थ्यांचा, आणि त्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण होते. 'आमची मुलं मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत' असं अहवालात लिहून ते मिळत नव्हते. संघटना नोंदणीकृत लागायची, ती काही काम करताना दिसावी लागायची, आणि तिने संस्थेला काय दिलं याचे कागद दाखवावे लागायचे. विभागप्रमुख सरांनी आम्हा पुण्यातल्या पाच-सहा जणांना फोन केला. म्हणाले, "तुम्ही मंडळी दरवर्षी भेटताच की, त्याचाच एक कागद करून टाका." तो एक कागद करता करता मी सचिव झालो, तो आजतागायत आहे.

विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण पुढे दोन-चार गाऱ्हाणी येणार आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणचं विद्यापीठ, रसायनशास्त्राचा पदव्युत्तर विभाग, आणि माझी एम.एस्सी. १९९८ची, ऑरगॅनिकची, एवढं पुरे.

माजी विद्यार्थी संघ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आयआयटी येते. २०२३ साली नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. त्याच वर्षी तिथल्या १९९८च्या बॅचने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी जाहीर केले. त्यांचं आणि आमचं पास होण्याचं साल एकच, त्यामुळे त्या दिवशी आमच्या ग्रुपवर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आमच्याच विषयातलं उदाहरण घ्यायचं तर मुंबईचं यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी, रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था. मुकेश अंबानी, रघुनाथ माशेलकर, डॉ. रेड्डीजचे अंजी रेड्डी, सगळे तिथले. आमच्याकडची मुलं कुरकुंभ, लोटे, पाताळगंगा, तारापूर, गोव्यात वेर्णा आणि गुजरातेत वापी-अंकलेश्वर अशा कारखान्यांच्या वसाहतींत पसरलेली. कुणी क्यूसीत, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीत, कुणी प्लांटवर शिफ्ट इनचार्ज. बरेचसे ज्युनियर कॉलेजवर शिक्षक, त्यातले काही अजून तासिका तत्त्वावर. काहींनी स्पर्धा परीक्षेत चार वर्षं घालवून शेवटी घरची शेती धरली. या लोकांकडून पाचशे कोटी येणार नव्हते हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना माहीत होतं. मग येणार काय होतं, याचा मात्र कुणी विचार केलेला नव्हता.

आधी नोंदणी. सात सभासद जमवले की १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली अर्ज करता येतो. महाराष्ट्रात एवढ्यावर भागत नाही, १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद व्हावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्याच छपराखाली होतात ही त्यातली सोय. संघाचं विधानपत्र, नियमावली, कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्रं, कोर्ट फी स्टँप आणि कार्यालयाच्या जागेचं ना हरकत पत्र. या शेवटच्या कागदावर आम्ही अडकलो. संघाचा पत्ता विभागाचाच असावा असं सगळ्यांना वाटत होतं. विद्यापीठातून उत्तर आलं की खोली वापरायची तर भाडं ठरवावं लागेल, भाडं ठरवायचं तर समिती नेमावी लागेल. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. शेवटी आम्ही खजिनदाराच्या घरचा पत्ता दिला. त्याच्या घरचं लाइट बिल वडिलांच्या नावावर, म्हणून त्याच्या वडिलांना, आमच्या काकांना, नोटरीपुढे उभं केलं. सही करता करता त्यांनी विचारलं, "म्हणजे उद्या तुमच्यावर केस झाली तर पोलीस माझ्या दारात?" नोटरीसुद्धा हसला. काकांनी सही केली, पण प्रश्नाचं उत्तर आजही आमच्याकडे नाही.

नावात विद्यापीठाचा उल्लेख होता म्हणून कुलसचिवांचं वेगळं पत्र लागलं. मग त्रुटी निघाल्या. एका सभासदाचं आधारवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळत नव्हतं, नियमावलीत संघ बरखास्त झाल्यावर मालमत्तेचं काय याचं कलम राहिलं होतं. त्यानंतर चौकशी अर्जाला नंबर पडला, हरकतींसाठी जाहीर नोटीस निघाली. आमच्यावर हरकत कोण घेणार? कुणी घेतली नाही. हे होईस्तोवर नॅकच्या अहवालात 'नोंदणी प्रक्रियेत' असं लिहून सर मोकळे झाले होते.

संघाच्या घटनेवर, म्हणजे नियमावलीवर, जो वाद झाला तो मात्र कामाचा होता. सरांचं म्हणणं, विभागप्रमुख हा संघाचा पदसिद्ध अध्यक्ष असावा. ऐकायला बरोबर वाटतं. पण विद्यापीठात विभागप्रमुखपद फिरतं असतं, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. जुन्याची सही, नव्याची संमती, सभेची नोटीस, इतिवृत्त, सगळं जोडून. असे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या संस्था आम्ही पाहिल्या आहेत. तिथे कागदोपत्री अजून वारलेले गृहस्थच अध्यक्ष असतात आणि बँक सही बदलून देत नाही. आमच्यातल्या एका वकील झालेल्या वर्गमित्राने (एम.एस्सी. करून एलएलबी, असेही असतात) सरळ सांगितलं, पदसिद्ध कुणी नको. विभागप्रमुख कायम निमंत्रित, मताचा अधिकार नाही. सर थोडे दुखावले. माझ्या मते तो आमचा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण पुढे एक असेही विभागप्रमुख आले ज्यांना संघ म्हणजे विभागाची जादा तिजोरी वाटायची.

संघाचं खरं काम यादीपासून सुरू झालं. विभागात १९७०च्या दशकापासूनचे प्रवेशाचे रजिस्टर होते, काही वाळवीने खाल्लेले, काही डार्करूमच्या माळ्यावर. पुरुषांचा शोध सोपा गेला. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, गाव. गावातल्या एकाला फोन केला की पत्ता लागतो. मुलींच्या बाबतीत सगळं ठप्प. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं, काही घरांत तर पाळण्यातलं नावसुद्धा बदललेलं. म्हणजे रजिस्टरमधल्या नावाची बाई आता कुठल्याच कागदावर सापडत नाही. एकीचा माग आम्ही तिच्या भावाच्या किराणा दुकानावरून काढला. भाऊ आधी संशयानेच बोलला, "कशाला हवाय नंबर?" मग विभागातून निवृत्त झालेल्या मॅडमनी स्वतः फोन केला तेव्हा दिला. त्या ताई वापीला एका कंपनीत क्यूए (गुणवत्ता हमी) प्रमुख निघाल्या. आमच्या 'नामवंत माजी विद्यार्थी' फलकावर तोवर एकाही बाईचं नाव नव्हतं, आणि बायका शिकल्याच नाहीत असं कुणी म्हणू नये म्हणून सांगतो, ऑरगॅनिकच्या वर्गात नव्वदच्या दशकात निम्म्या मुली होत्या. त्यानंतर आम्ही मुलींची यादी मुलींकडेच सोपवली. प्रत्येक बॅचमधली एकजण. एका मुलीला दुसरीचा पत्ता विचारण्यासाठी भावाच्या दुकानात जावं लागत नाही.

यादी तयार झाली तशी ती मागणारेही आले. विमा एजंट, क्लासवाले, आणि विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीतले लोक. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. पदवीधर म्हणून वेगळी नोंदणी केल्याशिवाय मत देता येत नाही, आणि बहुतेक पदवीधरांना हे ठाऊकच नसतं, त्यामुळे ज्याच्या हाती फोन नंबरांची यादी त्याचं पॅनल निम्मं निवडून आल्यात जमा. एक कार्यकर्ता तर बॅनरचा खर्च आणि मेळाव्याचं जेवण देतो म्हणाला. आम्ही यादी दिली नाही. फॉर्म कुठे मिळतो, शेवटची तारीख काय, एवढी माहिती सगळ्यांना पाठवली आणि ग्रुपवर प्रचार बंद ठेवला. यावरून दोघांनी ग्रुप सोडला. जाऊ दे.

मेळाव्याबद्दल फार लिहीत नाही. फेटे, शाल-श्रीफळ, मसालेभात, मठ्ठा, जिलेबी, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात 'तब्बल पंचवीस वर्षांनी पुन्हा भरला वर्ग'. मजा येते, नाही असं नाही. पण सत्कारात अर्धा दिवस जातो आणि आत्ता शिकणारी मुलं खुर्च्या लावतात. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही सत्कार बंद करून दुपारचे दोन तास मुलांना दिले. फेटे राहिले, फेट्यांवर तडजोड शक्य नव्हती.

पैशाचं. आजीव सभासद वर्गणी १००० रुपये ठेवली, ती कायम निधीत, खर्च फक्त व्याजाचा. देणग्या वेगळ्या. देणगी मागितली की पहिला प्रश्न, "एटी-जी आहे का?" म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी ८०जी नोंदणी. तर ते मिळवावं लागतं. आधी पॅन, मग आयकर खात्याकडे १२ए (संघाच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी, नव्या संस्थेला सुरुवातीला ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. दरवर्षी ३१ मेपर्यंत सगळ्या देणगीदारांची माहिती १०बीडी फॉर्ममध्ये भरायची, तेव्हा त्यांना १०बीई प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. रोख देणगी २००० च्या वर असेल तर देणाऱ्याला सूट नाही. हे सगळं मी पाठ केलं, आणि मग लक्षात आलं की तरुण मुलांनी नवी करप्रणाली घेतली आहे, तिथे ८०जीची सूटच नाही. त्यामुळे गंमत अशी की पंचविशीतली पोरं पावती न विचारता पाचशे रुपये पाठवतात आणि पन्नाशीतले पाच हजार देऊन पाच वेळा पावतीची आठवण करतात.

परदेशातल्या पैशाचा धडा वेगळाच. आमच्या बॅचचे दोघे परदेशात, एक दुबईला, एक न्यू जर्सीला. दोघांनाही द्यायचं होतं. दुबईवाल्याचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. न्यू जर्सीवाला अमेरिकेचा नागरिक झालाय, ओसीआय कार्ड आहे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो परकीय स्रोत. त्याचा एक रुपया घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. तिच्यासाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी असावी लागते, त्या काळात उद्दिष्टांवर १५ लाख खर्च केलेला असावा लागतो, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच यावा लागतो. १५ लाख! आमचं वर्षाचं बजेट ऐकलं तर दिल्लीची शाखा हसेल. तो म्हणाला, "भावाच्या खात्यावर टाकतो, तो देईल." आम्ही नको म्हटलं. त्याऐवजी तो आता त्याच्या शनिवारी सकाळी, आमच्या संध्याकाळी, मुलांना रासायनिक प्रक्रियेतली सुरक्षितता शिकवतो. रिअॅक्टरचं तापमान हाताबाहेर जातं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्याने स्वतः पाहिलेल्या प्रसंगातून सांगितलं तेव्हा मुलं जेवायची थांबली. त्या तासांचं मोल आमच्या ताळेबंदात शून्य आहे.

आता एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. औषध कंपनीत क्यूसीला लागायचं तर हे यंत्र हाताळलेलं असावं लागतं. आमच्या मुलांनी ते पुस्तकात पाहिलेलं. विभागात एक होतं, काचेच्या कपाटात, चावी विभागप्रमुखांकडे, संशोधनाच्या विद्यार्थ्यांखेरीज कुणी हात लावायचा नाही. मुलाखतीत विचारतात, पीक टेलिंग, म्हणजे आलेखावरच्या शिखराला मागे शेपटी येणं, का होतं? मुलं व्याख्या सांगतात. कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) खराब झालाय का, मोबाइल फेजचा (त्यातून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच चुकलाय का, हे सुचतच नाही, कारण वाकडा पीक त्यांनी कधी काढलेलाच नसतो.

आमच्या एका सीनियरच्या कंपनीत नवी यंत्रं आली आणि जुनं एक निकाली निघणार होतं. त्यांनी वरिष्ठांना पटवून ते संघाला देऊ केलं. यंत्र ट्रकमधून आलं, पण विभागात चढायला त्याला बराच काळ लागला. देणगी म्हणून स्वीकारायची तर किंमत किती दाखवायची? डेड स्टॉक रजिस्टरला कुठल्या शीर्षाखाली नोंद? विजेचं बिल कुणाचं? तोवर ते व्हरांड्यात प्लॅस्टिक पांघरून उभं. प्रयोगशाळेतल्या मामांनी त्यावर 'हात लावू नये, माजी विद्यार्थी' अशी चिठ्ठी डकवली होती, ती आम्ही मुद्दाम जपून ठेवली आहे.

आत आल्यावर कळलं की त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं आणि सोबत आलेला संगणक सुरूच होत नाही. कंपनीचा इंजिनियर बोलवायचा तर आमचं वर्षाचं व्याज संपलं असतं. यादी उघडली. २००६च्या बॅचचा एकजण अशीच यंत्रं दुरुस्त करणारा निघाला, हडपसरला राहणारा. तो रविवारी पिशवीत जुनी हार्डडिस्क घेऊन आला. पंपाची सील बदलली, डिटेक्टरचा दिवा बदलला, मिथेनॉलने सगळ्या नळ्या धुतल्या. मग मुलींनी मोबाइल फेज केला, ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळला, हवा काढायला सोनिकेटरमध्ये ठेवला. सी-१८ कॉलम, नमुना कॅफीनचा. बेसलाइन आधी भूकंप आल्यासारखी हलत होती. पंपात बुडबुडा होता. तो काढला, रेषा सपाट झाली, सगळे स्क्रीनकडे बघत उभे. पीक आला, आणि चक्क टेलिंग करत आला. मुलं हिरमुसली. दुरुस्तीला आलेला तो म्हणाला, "हाच हवा होता. आता सांगा, का?"

तेव्हापासून दर शनिवारी पाच-पाच जणांचा गट बसतो. सॉल्व्हंटचा खर्च संघाचा, आणि एचपीएलसी ग्रेडचं अॅसिटोनायट्राइल स्वस्त नसतं हे ज्याने विकत घेतलंय त्याला विचारा. सोबत ऑनलाइन सराव मुलाखती सुरू केल्या. क्यूसीत काम करणारे सभासद आलटून पालटून प्रश्न विचारतात. एक अट ठेवली, चुकलेल्या मुलाला उत्तर लगेच सांगायचं नाही. आमचे सीनियर लोक ही अट पाळत नाहीत, दुसऱ्या मिनिटाला स्वतःच्या कंपनीची गोष्ट सुरू होते.

दुसरं काम खानावळीचं. आमच्या हॉस्टेलवर मुलं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक वेळ जेवतात. हे आम्हाला कुणा अहवालातून कळलं नाही, मामांनी सांगितलं. कोण डबा बंद करतो हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. कार्यकारिणीत सूचना आली की अर्ज मागवू, उत्पन्नाचा दाखला घेऊ, गुणवत्तेनुसार निवडू. मी विरोध केला. ज्याला जेवण परवडत नाही त्याने आधी तहसीलमध्ये खेटे घालायचे? ठरलं असं की मामा आणि एक मॅडम नावं सुचवतील, पैसे थेट खानावळीच्या काकूंना, मुलाचं नाव कार्यकारिणीलाही कळणार नाही. पण ऑडिटरला व्हाउचर लागतं. काकूंचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने. मग आम्ही काकूंना बिलबुक छापून दिलं, वर अन्नपूर्णेचं चित्र, खाली 'रक्कम मिळाली' आणि सहीची जागा. काकू आता सगळ्यांनाच बिल देतात आणि उधारी ठेवणाऱ्यांना ते दाखवतात, अशी मुलांची तक्रार आहे.

नॅकची समिती यथावकाश आली. आमच्याशी पाऊण तास बोलली. देणगीच्या रकमा विचारल्या, मेळाव्याचे फोटो पाहिले, घटनेची प्रत घेतली. खानावळीचं आम्ही सांगितलं, त्यांनी मान डोलावली. कुठल्या रकान्यात लिहिलं ते माहीत नाही. यंत्र मात्र त्यांना आवडलं, फोटो काढला.

यंदा कार्यकारिणीची मुदत संपली. अध्यक्षपदाला तीन इच्छुक, खजिनदारपदाला एकही नाही. ऑडिट, १०बीडी, धर्मादायचा हिशेब ही नावं ऐकूनच लोक पाण्याचा ग्लास उचलतात. सर्वसाधारण सभेला गणपूर्ती झाली नाही, नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून तिथेच पुन्हा घेतली. चेंज रिपोर्ट कोण भरणार यावर सगळे गप्प. मागच्या बाकावरून २०१९च्या बॅचची, कुरकुंभला क्यूसीत असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, खजिनदार मी होते आणि चेंज रिपोर्टही बघते. फक्त मीटिंग रविवारी सकाळी ठेवू नका, माझी फर्स्ट शिफ्ट असते." ठराव एकमताने मंजूर झाला. मीटिंग आता रविवारी संध्याकाळी सातला असते, आणि तिने पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे तीन जुनी व्हाउचरं मागितली आहेत.